गणिताच्या दिवशी करायचं तरी काय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात 'गणित दिवसाला कागद कापा, काड्या टाका, नाचा, बागडा' अशा जाता जाता दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि एक तिखट पत्र मुद्दाम घेतलंय, कारण तेच वाचायला जास्त मजा येते.

प्रश्न : ताई, मी पाचवी ते आठवीला गणित शिकवते. १४ मार्चला आमच्याकडे दरवर्षी तेच ते, पायचे (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, त्या संख्येचे) अंक पाठ म्हणायची स्पर्धा, क्विझ आणि भिंतीवर तक्ते. बक्षिसं त्याच चार मुलांना. बाकीची मागे बसून एकमेकांना चिमटे काढतात. यंदा वेगळं काहीतरी करायचंय. मुलं दीडशे, वेळ अर्धा दिवस, आणि मुख्याध्यापकांचं म्हणणं की फोटोत काहीतरी दिसायला हवं.

उत्तर : मॅडम, सगळ्यात आधी ती पाठांतराची स्पर्धा बंद करा. पाठांतराशी माझं भांडण नाही, पण पायचे दोनशे अंक घडाघडा म्हणणं आणि दोनशे फोन नंबर घडाघडा म्हणणं यात मला तरी फरक दिसत नाही. नासाची जेट प्रपल्शन लॅब ग्रहांकडे यानं पाठवताना पाय घेते तो फक्त पंधरा दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे ३.१४१५९२६५३५८९७९३ एवढाच, आणि त्यावर त्यांचं भागतं. आपलं काम तर दोन दशांश स्थळांवर होतं. मग बाकीच्या अंकांसाठी पोरांचा जीव कशाला काढायचा?

त्यापेक्षा काड्या टाका. खराट्याच्या काड्या घ्या, पाच-पाच सेंटिमीटरचे एकसारखे तुकडे करा. मोठ्या कागदावर दर दहा सेंटिमीटरला एक अशा समांतर रेषा मारा, म्हणजे दोन रेषांमधलं अंतर काडीच्या बरोबर दुप्पट हवं. आता काडी जरा उंचावरून सोडायची, नेम धरायचा नाही. रेषेला शिवली का नाही एवढंच मोजायचं. शंभर वेळा टाकून झाली की एकूण फेकी भागिले रेषेला शिवलेल्या फेकी, आणि उत्तर येतं पायच्या आसपास! कुठेही गोल नाही, वर्तुळ नाही, कंपास नाही, सगळ्या सरळ रेषा आणि सरळ काड्या, तरी पाय. हे बुफाँ नावाच्या फ्रेंच माणसाचं डोकं, अठराव्या शतकातलं. मुलं विचारतील की गोल नसताना पाय आला कुठून. लगेच सांगू नका, दिवसभर घोळू दे. संध्याकाळी फार तर एवढं सांगा, की काडी पडताना कुठल्याही दिशेला तोंड करून पडते, आणि सगळ्या दिशा एकत्र केल्या की काय तयार होतं ते बघा.

आता एक कबुली. मी स्वतः एका शाळेत हे केलं होतं. पहिल्या गटाच्या शंभर फेकींत २७ काड्या रेषेला शिवल्या, म्हणजे उत्तर ३.७०. मदतीला आलेल्या एका शिक्षकांनी पाहुणे यायच्या आत गुपचूप फळ्यावर ३.७० पुसून ३.१४ लिहिलं. पोरांनी ते बघितलं. त्यांनी एकमेकांकडे ज्या नजरेनं पाहिलं ना, ती अजून आठवते, आणि मी भिडेपोटी गप्प बसले याची आजही लाज वाटते. खरं तर सगळी गंमत त्या ३.७० मध्येच होती. नंतर वीस गटांच्या मिळून दोन हजार फेकी झाल्या, त्यात ६३१ शिवल्या आणि उत्तर आलं ३.१७. म्हणजे थोड्या फेकींत हेलकावे मोठे, फेकी वाढल्या की आकडा शांत होत जातो. ही गोष्ट मुलांना डोळ्यांनी दिसते, फक्त कुणी मध्ये खोडरबर घेऊन उभं राहायला नको.

तुमच्या दीडशे मुलांचे पाच-पाचचे तीस गट होतील. एकानं टाकायची, एकानं बघायचं, एकानं रेघोट्या मारत मोजायचं, एकानं उचलून परत द्यायची आणि पाचव्याचं काम म्हणजे बाकीच्यांशी वाद घालायचा, की शिवली का नाही शिवली. थोड्या वेळानं कामं बदला. आणि मुख्याध्यापकांच्या फोटोसाठी भिंतीवर एक लांबच लांब कागद लावा, खाली फेकींची संख्या, बाजूला आलेली किंमत, दर गटाचा निकाल आला की आधीच्यात मिळवून नवीन ठिपका. सुरुवातीला वेडावाकडा नाचणारा आणि हळूहळू सरळ होत जाणारा आलेख तयार होतो. तक्त्यापेक्षा फोटोत कितीतरी छान दिसतो. बक्षीस वगैरे काही ठेवू नका, ठेवलंत की काड्या नेम धरून पडायला लागतील.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेत गणित दिवस आहे म्हटलं की आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात दुखतं. पाठवू की नको?

उत्तर : आधी शाळेला एकच विचारा, घड्याळ लावून काही आहे का? पोटदुखीचं मूळ बहुतेक वेळा तिथे सापडतं. 'एका मिनिटात किती गुणाकार' छाप प्रकार असतील तर त्या तासाला तिला सूट द्या म्हणून स्पष्ट सांगा, त्यात कमीपणा नाही. भराभर उत्तर देणं म्हणजे गणित येणं असा समज आपणच करून दिलाय मुलांना. एकेका प्रश्नावर वर्षानुवर्षं बसून राहणारी माणसं गणितज्ञ म्हणवतात हे त्यांना कुणी सांगतच नाही.

आणि घरी एक संध्याकाळ काढा. कागदाची लांब पट्टी घ्या, तिला अर्धा पीळ द्या (एक टोक उलटं करायचं, बस) आणि दोन्ही टोकं चिकटवून कडं करा. मुलीला पेन्सिलनं मधोमध रेघ ओढायला सांगा, हात न उचलता. ती फिरून परत सुरुवातीला येईल आणि कळेल की रेघ दोन्ही बाजूंना झाली, म्हणजे या कागदाला मुळात एकच बाजू आहे. आता विचारा, या रेघेवरून कापलं तर काय होईल? तुम्हीही अंदाज सांगा. मोठ्यानं सांगा आणि चुका! आई किंवा बाबा चुकले हे बघायला मिळणं, हा त्या संध्याकाळचा खरा कार्यक्रम आहे. कापल्यावर दोन कडी होत नाहीत, दुप्पट लांबीचं एकच कडं होतं. मग दुसरी पट्टी तशीच करा, पण मधून न कापता कडेपासून एक तृतीयांशावर कापत जा. काय होतं ते मी इथे लिहीत नाही, नाहीतर तुम्ही अंदाज करणार नाही.

मेबियस आणि लिस्टिंग या दोघा जर्मन माणसांना ही पट्टी १८५८ साली वेगवेगळी सुचली. म्हणजे अगदी पुरातन काही नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलीला तिच्याबद्दल पडतील असे प्रश्न मोठमोठ्या लोकांनाही पडलेले आहेत. दोन पीळ दिले तर? तीन दिले तर? कात्री तिच्याच हातात असू दे.

प्रश्न : ताई, मी सातवीत आहे. शाळेत कापरेकरांची ६१७४ ची जादू दाखवायचं माझ्याकडे आलंय. चार अंकी संख्या घ्यायची, अंक मोठ्यापासून लहान लावायचे, मग उलटे लावायचे आणि वजाबाकी, असं करत गेलं की ६१७४ येतं म्हणतात. पण मी २१११ घेतली तर शून्य आलं. मग जादू खोटी आहे का?

उत्तर : खोटी नाही रे, पण तू करून बघितलंस म्हणून तुला शाबासकी. बरेच जण नुसतं वाचून स्टेजवर जातात आणि तिथे फजिती होते.

तुझं काय झालं ते सांगते. २१११ मधून १११२ वजा केलेस, आले ९९९. मग तू ९९९ मधून ९९९ वजा केलेस आणि शून्य आलं, बरोबर? गोची तिथे आहे. आपण चार अंकांचा खेळ खेळतोय, त्यामुळे ते ०९९९ लिहायचं, पुढचं शून्य टाकून द्यायचं नाही. आता बघ, ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१. ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे, घे, ६१७४! एकदा तिथे पोचलं की पुढे कितीही वेळा कर, ७६४१ वजा १४६७ परत ६१७४च.

कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचते. फक्त चारही अंक सारखे नकोत, ३३३३ घेतलीस तर पहिल्याच फटक्यात शून्य. हे शोधणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते, मोठ्या विद्यापीठात वगैरे नव्हते, आणि त्यांनी हा शोध १९४९ साली मांडला. तू तुझी चूक स्टेजवर मुद्दाम करून दाखव. शून्य आलं की सगळे हसतील, मग विचार, सांगा मी कुठे चुकलो? त्यानंतरची पाच मिनिटं सगळा वर्ग वहीत डोकं घालून बसेल, बघ. आणि वेळ उरला तर तीन अंकी संख्यांवर तोच खेळ लाव, तिथे वेगळाच आकडा येतो. तो तूच शोध.

प्रश्न : एक साधी शंका. १४ मार्चच का? आणि २२/७ म्हणजे पाय असं आम्ही शाळेत शिकलो ते चूक होतं का?

उत्तर : अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात, म्हणून १४ मार्च म्हणजे ३/१४. लॅरी शॉ नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात 'पाय दिवस' म्हणून ही सुरुवात केली. पुढे युनेस्कोनं नोव्हेंबर २०१९ मध्ये तोच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून जाहीर केला, म्हणजे आता तो नुसता पायचा राहिलेला नाही, सगळ्या गणिताचा आहे. २०२४ ची त्यांची थीमच 'गणिताशी खेळणं' अशी होती. आपल्याकडे रामानुजन यांच्या जन्मदिवसाला, २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिवस असतोच, त्यामुळे मार्च हुकला तरी बिघडत नाही.

२२/७ म्हणजे पाय नव्हे, पायच्या जवळचा अपूर्णांक. पण गंमत अशी की ३.१४ पेक्षा तो पायच्या जास्त जवळ आहे. त्यामुळे दिवस-महिना या क्रमानं तारीख लिहिणाऱ्यांनी २२ जुलैला काड्या टाकल्या तर कुणी नाव ठेवू नये.

प्रश्न : मी निवृत्त इंजिनिअर आहे. तुमच्या त्या दोन ओळी वाचल्या. कागद कापणं, काड्या टाकणं, नाचणं, बागडणं याला गणित म्हणायचं का? गणित म्हणजे सिद्धता, शिस्त, सराव. हे असले उत्सव करून मुलांना वाटतं गणित सोपं आहे, आणि दहावीला तोंडावर आपटतात.

उत्तर : साहेब, निम्मं पटलं. अंकांच्या आकाराच्या टोप्या घालून मिरवणूक काढली, गालावर पाय रंगवला, सेल्फी काढले आणि घरी गेले, याला मीही गणित म्हणणार नाही. असे कार्यक्रम मी पाहिलेत, गाणी असतात, भाषणं असतात, एकही प्रश्न नसतो. पण सिद्धता खेळातून येत नाही हे मात्र पटलं नाही, म्हणून एक खेळ सांगते.

अंगणात खडूनं नदी काढा. दोन काठ, मध्ये एक बेट, आणि उजव्या अंगाला नदीचे दोन फाटे झालेत त्यांच्यामधली जमीन. असे चार तुकडे. बेटावरून वरच्या काठाला दोन पूल, खालच्या काठाला दोन, आणि उजवीकडच्या जमिनीला एक. त्या उजवीकडच्या जमिनीवरून वरच्या काठाला एक आणि खालच्या काठाला एक. एकूण सात. मुलांना सांगायचं, प्रत्येक पुलावरून एकदाच चालत सगळे पूल पूर्ण करा, कुठूनही निघा. आता ती पळत सुटतात. 'माझं झालं', 'नाही, एक राहिला', 'तू दोनदा गेलास' असा गदारोळ अर्धा तास चालतो. मग कुणीतरी वैतागून म्हणतं, हे होतच नाही.

तिथे विचारायचं, 'तुला जमत नाही, का कुणालाच जमणार नाही? दोन्हीत फरक आहे.' साहेब, सिद्धतेची गरज काय असते ते पोरांना पहिल्यांदा त्या क्षणी कळतं, पुस्तकातल्या 'सिद्ध करा' या दोन शब्दांनी कळत नाही. हळूहळू एखादी मुलगी पूल मोजायला लागते. जमिनीच्या एका तुकड्यावर एका पुलानं आलो तर निघायला दुसरा पूल लागतो, म्हणजे पूल जोडीनं खर्च होतात. जिथे पूल विषम आहेत तिथे एक तरी बिनजोडीचा उरतो, आणि असं चालेल फक्त निघतो तिथे आणि संपवतो तिथे, म्हणजे फार तर दोन ठिकाणी. इथे बेटाला पाच आणि बाकी तिघांना तीन-तीन, चारही ठिकाणी विषम. संपलं! ही पूर्ण सिद्धता आहे, कुठेही ढील दिलेली नाही. कोनिग्सबर्ग शहरातल्या पुलांबद्दलचा हा प्रश्न ऑयलर या गणितज्ञानं १७३५ साली असाच सोडवला, आणि ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणिताची (ग्राफ थिअरीची) सुरुवात तिथून झाली असं मानतात. त्यानंतर एकाच्या हातात खडू द्या आणि म्हणा, हवा तिथे आठवा पूल काढ. कुठेही काढला तरी आता जमतं, फक्त निघायचं कुठून ते ओळखावं लागतं.

सराव लागतोच, त्यावर वाद नाही. पण सराव कशासाठी करायचा हे कळायला वर्षातला एक दिवस अंगणात घालवला तर दहावीचं काही नुकसान होत नाही. तुम्ही या एकदा, खडू धरा.

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्र वाचनालयाच्या बाहेर रविवारी एक टेबल टाकून गणिताचे खेळ मांडणार आहोत. येणारे-जाणारे लोक थांबतील का? काय ठेवावं?

उत्तर : 'गणित' असा मोठा बोर्ड लावू नका, अर्धे लोक रस्ता बदलतील. बोर्डवर प्रश्न लिहा. 'या २१ काड्या, पाळीपाळीनं एक, दोन किंवा तीन उचलायच्या, शेवटची उचलेल तो जिंकला. मला हरवून दाखवा.' एवढंच. माणूस थांबतो कारण त्याला वाटतं, त्यात काय एवढं.

डाव असा आहे की समोरच्याला नेहमी चारच्या पाढ्यातली संख्या शिल्लक ठेवायची. पहिली पाळी तुमची असेल तर एक उचला, वीस राहतील. मग त्यानं एक घेतली तर तुम्ही तीन, दोन घेतल्या तर दोन, तीन घेतल्या तर एक. तो कधीच जिंकत नाही. पण कृपा करून हे सांगू नका! पब्लिकमधल्या अशा स्टॉलचा सत्यानाश कुणी करत असेल तर तो हुशार स्वयंसेवक, तिसऱ्या मिनिटाला त्याला राहवत नाही आणि तो युक्ती सांगून मोकळा होतो. लोक तीनदा हरू देत, चौथ्यांदा म्हणतील 'शेवटी चार उरल्या की मी मरतो', तिथून ते स्वतः मागे मागे जातात, आठ, बारा, आणि तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. अगदीच अडले तर काड्या कमी करून द्या, सातच्या खेळा म्हणावं. उत्तर मात्र नाही.

खुर्च्या ठेवू नका, उभ्याउभ्या खेळ बरा, बसायचं म्हटलं की लोक 'घाई आहे' म्हणतात. लहान मुलं आली तर आईबापांना जरा बाजूला घ्या, 'अरे असं कर ना' सुरू झालं की मुलगा काड्या ठेवून निघून जातो. आणि हात लावता येईल असंच ठेवा. जर्मनीतल्या गीसेन गावात २००२ पासून माथेमाटिकुम नावाचं गणिताचं संग्रहालय आहे, तिथे सगळं हाताळायलाच ठेवलंय. न्यूयॉर्कच्या मोमॅथ या गणित संग्रहालयात तर चौकोनी चाकांची तीनचाकी चालवायला मिळते, खालचा रस्ता बरोबर तशा उंचवट्यांचा केलाय, त्यामुळे धक्का बसत नाही. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, २१ काड्या खूप झाल्या.

प्रश्न : सभागृहात सगळे बसलेले असताना पाच मिनिटांत करता येईल असं काही सांगा ना, सामान न लागता.

उत्तर : वाढदिवस. आधी हात वर करून अंदाज घ्या, की दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जायला किती माणसं लागतील? लोक १८३ म्हणतात, ३६५ च्या निम्मे. खरं उत्तर २३. कारण २३ जणांत जोड्या होतात २५३, आणि आपण माणसं मोजतो, जोड्या मोजत नाही. मग एकेका रांगेनं तारखा मोठ्यानं सांगायच्या, आपली तारीख ऐकली की ओरडायचं. साठ माणसं असतील तर जोडी मिळायची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर आहे, तरी एखाद्या दिवशी नाहीच मिळाली तर घाबरू नका, तेही सांगा, शक्यता म्हणजे हमी नव्हे. आणि सभागृहात जुळी भावंडं असतील तर त्यांना आधीच शोधून मोजायचं काम द्या, नाहीतर पहिली जोडी त्यांचीच निघते आणि लोक म्हणतात फसवलंत.